कोरडं हातपुसणं

१

मोंसेल गडावर धन्यांचे हात धुऊन झाल्याशिवाय कोणी भाकरीला शिवत नसे. एक नोकर सुरईतून पाणी ओती, दुसरा खाली घंगाळ धरी, तिसरा हातपुसणं घेऊन उभा राही. रोहार्द धनी सावकाश, बोटांत बोटं घालून हात धुवत, जणू सगळ्या दालनाने ते बघावं म्हणून. भुकेली माणसं बघत बसत. बड्या माणसाचा बडेपणा असाच चालतो, दुसऱ्यांची भाकरी गार करून.

त्या दुपारी हातपुसणं धरणारा नोकर तापाने पडला होता. म्हणून धन्यांची बायको एशीवा स्वतः उभी राहिली. रोहार्दने हात धुतले, तिच्या हातांतलं कापड घेतलं, दोन्ही हात नीट पुसले आणि ते तिच्या मनगटावर टाकलं.

कापड कोरडं होतं.

ओलसर नव्हे, दमट नव्हे, साफ कोरडं. घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या. एशीवाने घंगाळात पाहिलं. पाणी होतं, हलत होतं. खाऱ्या समुद्राकडून येणारा वारा भट्टीसारखा तापलेला होता. असल्या वाऱ्यात ओलं काय राहणार, असं तिने स्वतःला सांगितलं आणि ती जागेवर जाऊन बसली.

रोहार्दने मसुरीच्या आमटीचा वाडगा पुढे ओढला. "परवा, संत योहानाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, मक्केकडचा मोठा तांडा खालच्या खिंडीतून जाणार आहे," तो म्हणाला. "दारावरून जातोय, तर पाहुणचार नको का करायला?"

दालन हसलं. सरदारांनी मेजांवर मुठी आपटल्या. याच पाहुणचारामुळे अर्धं राज्य रोहार्दला क्रुसाची ढाल म्हणत होतं आणि उरलेलं अर्धं दरोडेखोर. तरुणपणी त्याने सायप्रसमधल्या एका मठाची कोठारं लुटली होती, तीही ख्रिस्ती साधूंची. तह झालेला असताना तांडे मारले होते. शेवटी एका चकमकीत तो दमास्कसच्या अमीराच्या हाती लागला आणि बारा वर्षं तिथल्या तुरुंगात राहिला. त्याला सोडवायला एशीवाने तीन वर्षांपूर्वी आपली एकुलती एक मुलगी, हेलविस, ओलीस म्हणून दिली. अट साधी होती. रोहार्द हयात असेपर्यंत मोंसेलने तह पाळायचा. पाळला, तर त्याच्या मरणानंतर मुलगी परत. मोडला, तर मुलीचा जीव जाणार.

"आणि हेलविस?" एशीवा म्हणाली.

"कोण?"

तो थट्टा करत नव्हता. त्याने खरोखर आठवून पाहिलं. मग मान डोलावली. "हां, मुलगी. अगं, मुली काय, होतात."

समोर बसलेला पाद्री गेरो आमटीत बघत राहिला. बाकीचे हसत राहिले. एशीवाने मेजाखाली ते कापड पुन्हा चाचपलं. पंधरा वर्षांच्या पोरीचा जीव या बैठकीत एका घोटाबरोबर गिळला गेला होता, आणि तिच्या मनात मात्र राहून राहून हातपुसण्याचाच विचार येत होता. तिला स्वतःचाच राग आला.

२

दुसऱ्या दिवशी धनी ससाणे घेऊन शिकारीला गेले असताना गडाच्या दारात एक खेचर येऊन थांबलं. खेचरावर लाकडी पेटी होती, आणि लगाम धरून एक म्हातारा उभा होता. त्याच्या तोंडात एकही दात नव्हता.

"बाईसाहेब, ओळखलं का? मटणात दालचिनी फार घालतो म्हणून तुम्ही मला पळी फेकून मारली होतीत."

"बर्तलो!" एशीवा पायऱ्या उतरून धावत आली. बर्तलो गडाचा आचारी. तो धन्यांबरोबर मोहिमेवर गेला आणि धन्यांबरोबरच पकडला गेला होता. "अरे, जिवंत आहेस?"

"दात गेले. बाकी सगळा आहे. म्हातारा झालो, खातो जास्त आणि काम होत नाही, म्हणून त्यांनी सोडून दिला." त्याने पेटीवर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "धन्यांना आणलंय, बाईसाहेब."

एशीवाला हसू आलं. "धनी शिकारीला गेलेत, बर्तलो."

म्हाताऱ्याने तिच्याकडे फार मायेने पाहिलं. शोकाने बिचारीचं डोकं फिरलंय, हे त्याला तिथल्या तिथे पटलं होतं. "हो, हो," तो म्हणाला. "सगळेच जातात एक दिवस शिकारीला."

तिने त्याला आपल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. पेटीत सुक्या लव्हेंडरच्या काड्या होत्या आणि त्यांखाली पांढरी, स्वच्छ हाडं. फ्रँक, म्हणजे युरोपातून आलेला, सरदार परमुलखात मेला की त्याचं प्रेत वाइनमध्ये उकळून हाडं मोकळी करायची आणि ती मायदेशी आणायची, ही त्यांची जुनी रीत. काळीज एका चर्चमध्ये पुरायचं, हाडं दुसऱ्यात. त्यात एशीवाला काही वावगं वाटत नसे. तिच्या स्वतःच्या आजोबांच्या तीन गावांत तीन कबरी होत्या.

"दुसऱ्याच हिवाळ्यात गेले," बर्तलो म्हणाला. "छातीत कफ झाला होता. मरताना म्हणाले, मला इथे ठेवू नकोस, घरी ने. तुरुंगाच्या मुदपाकखान्यात मी काम करायचो. दारोगा भला माणूस होता, त्याने मोठं भांडं दिलं. बाईसाहेब, मी त्यांना माझ्या या हातांनी शिजवलंय."

"तुझी चूक होतेय. तीन वर्षं झाली, ते घरी आहेत. नदीच्या उतारावर अदलाबदल झाली तेव्हा मी तिथे होते. धुकं होतं. इकडून हेलविस गेली, तिकडून हे आले."

 बर्तलो भिंतीला टेकून खाली बसला.

"तरी म्हटलं," तो पुटपुटला. "आम्हाला खड्ड्यात ठेवायचे, बाईसाहेब. वरून दोर सोडला की चढायचं. त्या दिवशी पहारेकऱ्याने दोर सोडला आणि रोहार्द म्हणून हाक मारली. मी खालून ओरडलो, अरे तो मेला, कधीचा मेला! तर माझ्या डोळ्यांदेखत दोर ताणला गेला. कोणीतरी चढत असावं तसा. ठप्प आणि सर्र, ठप्प आणि सर्र, भिंतीला पाय लावत वर गेलं. मी हाडं गोणीत घालून उशाला घ्यायचो. मी गोणी चाचपली. सगळी होती."

"अंधारात भास होतात."

"होतात ना," बर्तलोने लगेच कबूल केलं. "मी तेच म्हटलं."

एशीवाने पेटीतून डाव्या नडगीचं हाड उचललं. मध्यावर जुना सांधा होता, जरा वाकडा, गाठ आल्यासारखा. लग्नाच्या वर्षी रोहार्द घोड्यावरून पडला होता तेव्हा फळ्या बांधताना त्याचा पाय तिनेच धरून ठेवला होता. तो वाकडेपणा तिच्या तळहाताच्या ओळखीचा होता.

पण पाय पुष्कळांचे मोडतात, ती स्वतःशी म्हणाली. एशीवा घाबरट नव्हती. नवरा कैदेत असताना बारा वर्षं तिने एकटीने गड चालवला होता, एक वेढा सोसला होता, मध्यस्थी करायला आलेल्या दोन बिशपांना वाटेला लावलं होतं. हिशेब तिला सरळ दिसत होता. पेटी खोटी असेल, नाहीतर माणूस खोटा असेल. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.

३

संध्याकाळ व्हायच्या आत रोहार्द परतला. जिन्यावर त्याची चाल ऐकू आली. उजवा पाय ठप्प पडे आणि डावा सर्रकन मागून ओढला जाई. तो मोठ्या दालनातल्या आपल्या खुर्चीत बसला. तीन वर्षं तो रात्रीसुद्धा तिथेच बसे. कैदेत बिछान्याची सवय मोडली, असं त्याने आल्या दिवशी सांगितलं होतं, आणि एशीवाला तेव्हा मनातून बरंच वाटलं होतं.

ती समोरच्या बाकावर बसली. तोतया असेल तर उघडा पाडायचा, एवढं तिने ठरवलं होतं.

"आज सहज आठवलं," ती म्हणाली. "तुमचा पाय मोडला होता तो घोडा कुठला हो?"

"घोडी. कबरी. तुझ्या बापाने दिलेली, म्हणूनच पाडलंन मला." तो हसला. पुढच्या दाताचा टवका उडालेला होता, होता तसाच. "वैद्य फळ्या बांधत होता आणि तू पाय धरला होतास. मी ओरडलो नाही. तू मात्र खालचा ओठ चावलास, रक्त येईपर्यंत. मग बाहेर जाऊन ओकलीस. कोणाला सांगितलं नाहीस."

ते खरं होतं. तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. वैद्यालाही नाही, पाद्र्यालाही नाही.

एशीवाचा जीव भांड्यात पडला. म्हणजे हा रोहार्दच. म्हणजे पेटी खोटी. कुणा भलत्याच दुर्दैवी माणसाची हाडं म्हातारा उशाला घेऊन झोपत होता. तिने उठून सुरई घेतली आणि नवऱ्यासाठी पेल्यात वाइन ओतली. पेला त्याने हातात धरला, ओठाला लावला. खाली ठेवला तेव्हा तो काठोकाठ भरलेलाच होता.

तिला आठवेना, तिने आधीच काठोकाठ भरला होता की काय.

ती दारापर्यंत पोचली तेव्हा रोहार्द मागून म्हणाला, अगदी सहज, घरच्या कारभाराचं काही सांगावं तसा, "त्या बर्तलोला म्हणावं, फार उशीर केलास."

बर्तलो आल्याचं त्याला कोणीही सांगितलं नव्हतं. खेचरसुद्धा तिने मागच्या दाराने खाली पाठवून दिलं होतं.

"आणि पेटी जमिनीत घालू नका," तो म्हणाला. "घरी आली, तेवढं पुरे."

४

"जिवंत माणसाची प्रेतप्रार्थना?" पाद्री गेरोने प्रार्थनाघरातल्या मेणबत्त्या पुसायच्या थांबवल्या. "बाईसाहेब, रविवारी ते पहिल्या बाकावर बसतात. मी काय म्हणू? देवा, समोर बसलेल्या या मृतात्म्याला शांती दे?"

"नाव घेऊ नका. परमुलखात मेलेल्या एका माणसाची म्हणून म्हणा."

"देवाला नाव कळतं."

"मग अडचण काय आहे, फादर?"

"रोहार्द धन्यांनाही कळतं," पाद्री म्हणाला. त्याने मेणबत्ती पुन्हा पुसायला घेतली. "मला माझी मान प्रिय आहे. उद्या माणसं खिंडीत उतरणार, त्यांना आशीर्वाद द्यायचाय मला. तो लॅटिनमध्ये पाठ आहे."

"त्या आशीर्वादाने माझी पोर मरेल."

"देवाची इच्छा—"

"देवाची कसली? याच्या पोटाची!" एशीवा एवढ्याने ओरडली की घुमटातली कबुतरं उडाली. "तुम्ही सगळे एका लुटारूला ढाल म्हणता, कारण लुटीचा वाटा तुमच्या पानात पडतो. देव कशाला मधे घालता?"

पाद्र्याने पुढची मेणबत्ती उचलली. तो वाईट माणूस नव्हता. नुसता भित्रा होता. राज्यं अशाच नुसत्या भित्र्या माणसांवर उभी असतात.

खोलीत तिची दासी तक्ला पेटीजवळ बसून मटार सोलत होती. तक्ला खालच्या वस्तीतली, सिरियन ख्रिस्ती, हेलविसची दाई. बर्तलो कोपऱ्यात पेंगत होता.

"बाई, आता एक विचारू?" तक्ला म्हणाली. "तुमची माणसं मेलेल्याला शिजवतात, तुकडे करतात, बांधून घेऊन गावोगाव हिंडतात. माणूस आहे का लोणचं? आमच्यात दिवस मावळायच्या आत अख्खा मातीत घालतात. मग तो कुठे जात नाही."

"आमच्यातही कुठे जात नाहीत."

"हो का?" तक्लाने दालनाच्या दिशेने हनुवटी उडवली आणि पुन्हा मटार सोलायला घेतले.

एशीवा खिडकीपाशी गेली. खाली अंगणात घोड्यांना नाल ठोकत होते. उद्या सकाळी माणसं निघणार. उद्या दुपारी तांडा लुटला जाणार. मग बातमी दमास्कसला पोचायला किती वेळ लागणार? निरोप्याला कितीही नाही म्हटलं तरी तो पोचतोच.

तिचा या सगळ्यावर विश्वास बसत नव्हता. तिने तो बसवायचा प्रयत्नही केला नाही. शंका असली की पारखून बघायचं, हे ती गड चालवताना शिकली होती. धान्य कुजलंय का बघायला अख्खं पोतं ओतावं लागत नाही, एक मूठ पुरते. तिने पेटीचं झाकण उघडलं आणि नडगीचं ते वाकडं हाड शालीत गुंडाळलं.

"तुझ्या वस्तीच्या कबरस्तानात अंजिराचं झाड आहे ना?" तिने तक्लाला विचारलं. "सकाळी मला तिथे ने."

"एवढंच? आणि बाकीचा?"

"आधी एवढंच," एशीवा म्हणाली.

५

सूर्य वर येता येता हाड मातीत गेलं. वस्तीतल्या म्हाताऱ्या धर्मगुरूने नाव विचारलं नाही, धूप फिरवला, आपल्या भाषेत चार ओळी म्हटल्या आणि तो शेळ्यांकडे गेला. एशीवाने हातांची माती झटकली. काही झालं नाही. कुठे आभाळ गरजलं नाही, कुत्रं भुंकलं नाही. चढण चढताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

अंगणात घोडेस्वार तयार होते. पाद्री गेरो पाण्याचं भांडं घेऊन उभा होता. सगळ्यांचे डोळे बुरुजाच्या जिन्याकडे लागले होते. वरून चाल ऐकू येत होती. आज चिलखताची खणखण तिच्या जोडीला होती.

ठप्प. सर्र. ठप्प. सर्र.

एशीवाने डोळे मिटले. म्हणजे झालं. पोर गेली.

ठप्प.

मग काहीच नाही.

माणसं वाट बघत राहिली. एका घोड्याने खूर आपटला. जिन्यातून हाक आली, शांत, घरगुती, "एशीवा. जरा वर ये."

"मी बघते," ती स्वारांना म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता, याचं तिला नवल वाटलं.

जिना गोल होता. वळणावर भिंतीतल्या फटीतून उजेडाची एक पट्टी पडली होती. रोहार्द त्या पट्टीच्या वर, सावलीत, भिंतीला टेकून बसला होता. चेहरा नीट दिसत नव्हता. डावा बूट उजेडात होता. उंच, घोट्याच्या वर पट्टे आवळलेला, स्वारीचा बूट. तो मध्यावर दुमडला होता आणि पायरीच्या कडेवरून रिकाम्या पिशवीसारखा खाली लोंबत होता.

"माझा पाय दे," रोहार्द म्हणाला.

एशीवाला ओकारी आली. तिने खालचा ओठ चावला. रक्ताची चव लागली, आणि त्याबरोबर तिचं डोकं लख्ख झालं.

"तांडा सोडा," ती म्हणाली. "हेलविसचा जीव वाचू द्या. मग बोलू."

"कोण?"

तो पुन्हा आठवत होता. सापडत नव्हतं त्याला. घोडी सापडत होती, ओठ सापडत होता, मुलगी सापडत नव्हती; कारण मुलीला त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तो पकडला गेला तेव्हा ती पोटात होती. नदीच्या धुक्यात ती त्याच्या शेजारून गेली असेल, आणि त्याने मान वळवली नसेल.

एशीवाला त्या क्षणी त्याची कीव आली. तरी ती वळली आणि खाली उतरू लागली.

"कुठे निघालीस?"

"बाकीचं काम उरकायला."

"मला घरी आणायला सांगितलं होतं गं," मागून आवाज आला. धन्याचा नव्हता तो. थंडी वाजणाऱ्या माणसाचा होता. "घरीच आहे ना मी?"

ती थांबली नाही.

"धनी जिन्यात पडले," तिने अंगणात सांगितलं. "मोहीम होणार नाही. घोडे सोडा. फादर, तुम्ही माझ्याबरोबर."

पाद्र्याने तिच्या ओठावरचं रक्त पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, आणि हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. एशीवाने सांगून ठेवल्याप्रमाणे प्रार्थनाघरातल्या दोन फरशा बर्तलोने आधीच उखडून ठेवल्या होत्या. पेटी खाली सोडली.

"आता म्हणता का?"

"आता म्हणतो," पाद्री गेरो म्हणाला, आणि त्याने भराभरा, एकही शब्द न चुकता म्हटलं.

फरशा बसल्यावर एशीवा एकटी जिना चढली. वळणावर चिलखत पडलं होतं, खाली ओघळल्यासारखं, पट्टे बांधलेलेच. शेजारी दुमडलेला डावा बूट होता. दुसरा बूट तिने वरपासून खालपर्यंत शोधला. तो कुठेच नव्हता.

६

बंद शवपेटीत चिलखत घालून मोठा अंत्यविधी झाला. रोहार्द गेल्याचं एशीवाने अमीराला कळवलं, आणि मोंसेल तह पाळील, असं आपल्या नावाने सांगितलं. तांडा खिंडीतून सुखरूप गेला. सरदार कुरकुरले, दोघे-तिघे दुसऱ्या गडांवर चाकरीला गेले, आणि जाताना म्हणाले, बाईच्या राज्यात काय मिळणार. वस्तीतल्या लोकांनी त्या वर्षी पहिल्यांदाच ऑलिव्हचं पीक हल्ल्याच्या धास्तीने अर्धवट टाकून न पळता पुरं उतरवलं. असल्या गोष्टींचे पोवाडे कोणी गात नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा हेलविस परत आली.

पुन्हा नदीचा तोच उतार, पुन्हा धुकं. या वेळी एशीवाने किनाऱ्यावर थांबायचं नाही असं ठरवलं होतं. कोण येतंय ते तिला उजेडात, आपल्या घरात बघायचं होतं. तिने बर्तलोला पाठवलं आणि ती दालनात घंगाळ, सुरई आणि एक पांढरंशुभ्र हातपुसणं घेऊन उभी राहिली.

मुलगी उंच झाली होती. रंग उन्हाने रापला होता, बोलण्यात अरबी हेल आला होता. ती धावत येऊन गळ्यात पडणार तोच एशीवाने हात पुढे केला.

"आधी हात धू."

"आई! तीन वर्षांनी आले मी!"

"आधी हात धू, बाळा."

"दमास्कसला अमीराच्या बिबीसाहेब पण अश्शाच होत्या," हेलविस कुरकुरली. "दार उघडलं की हात धू." पण तिने बाह्या सारल्या. एशीवाने पाणी ओतलं. मुलीने हात चोळले आणि हातपुसणं ओढून घेतलं. आई आपल्याकडे अशी टक लावून का बघतेय, ते तिला कळेना. पुसून तिने ते परत दिलं.

ते ओलंचिंब होतं. त्यावर वाटेतल्या लाल मातीची बोटं उमटली होती, एकेक सुटी. एशीवाने ते तोंडावर दाबलं आणि ती बारा अधिक तीन वर्षांचं सगळं रडली. तक्लाही रडली. बर्तलो मटणात दालचिनी घालायला मुदपाकखान्यात पळाला.

"पुरे गं आई," हेलविस हसत, डोळे पुसत म्हणाली. "आणि आता बाहेर कोणाला तरी भाकरी दे. बिचारा थकलाय."

"कोणाला?"

"नदीपलीकडे एक माणूस बसला होता. चांगल्या घरचा वाटला. एकाच पायात बूट. मला म्हणाला, बाळ, मोंसेलला घर कुठल्या बाजूला? मला घरी आणलं, पण सगळं नाही आणलं. काय बोलत होता कोण जाणे. मी म्हटलं, मी तिकडेच जातेय. माझ्यामागून या."

तक्लाच्या हातातून घंगाळ निसटलं. पाणी फरशांवरून दाराकडे वाहत गेलं.

"बर्तलोला दिसला तो?" एशीवाने विचारलं.

"बर्तलोकाका म्हणाले, धुक्यात भास होतात."

एशीवाने ओलं हातपुसणं घडी करून कमरेला खोचलं. तिला भीती वाटली नाही. चूक कुठे झाली ते तिला दिसत होतं. अंजिराखाली एक हाड आणि प्रार्थनाघरात बाकीची. आजोबांच्या तीन कबरींच्या घरात वाढलेल्या बाईच्या हे ध्यानात आलं नव्हतं. तक्लाने सांगूनसुद्धा आलं नव्हतं.

"तक्ला, फावडं दे," ती म्हणाली. "दिवस मावळायला अजून अवकाश आहे. मी अंजिराखालचं हाड काढून आणते. तू हेलविसला घेऊन फादरकडे जा, त्यांना फरशा काढायला सांग."

"आणि बाई, तोवर दाराशी..."

एशीवाने ओठावर बोट ठेवलं.  बाहेर, पहिल्या पायरीवर, कोणीतरी पाय टेकला.

ठप्प.

"येऊ द्या त्यांना," एशीवा म्हणाली आणि मागच्या दाराने उतरणीला लागली. "एका पायाने चढायला वेळ लागेल."